शार्ल रोजिएच्या मागावर ब्रुसेल्समध्ये पायपीट

ब्रुसेल्समध्ये अर्धा दिवस मोकळा असेल तर मेट्रोनं (मार्गिका 1 किंवा 5) 'पार्क' स्टेशनवर उतरा आणि तिथून उतारानं खाली चालत या. खालून वर आलात तर चढ लागतो, आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्यलढ्यातला नेता रोजिए याची गोष्टही शेवटाकडून वाचावी लागते.

1830 च्या सप्टेंबरात, बेल्जियम डच राजवटीविरुद्ध उठलेला असताना, लिएज शहराचा हा तिशीतला वकील सुमारे 300 स्वयंसेवक घेऊन राजधानीत आला. डच फौजेनं ठाण मांडलं होतं ते 'पार्क' स्टेशनला लागून असलेल्या बागेत. 23 ते 26 तारखेपर्यंत झुंज चालली. गंमत अशी की, आता काही खरं नाही असं समजून रोजिए लढाई पेटण्याच्या सुमारास शहर सोडून गेला होता. लोक मागे हटत नाहीत हे कळल्यावर परतला आणि हंगामी सरकारात बसला! मला तो यामुळेच जास्त जवळचा वाटतो.

रॉयल रस्त्यानं पुढे काँग्रेस स्तंभ, राज्यघटना लिहिणाऱ्या राष्ट्रीय काँग्रेसचं स्मारक. 47 मीटर उंच, पायथ्याशी अज्ञात सैनिकाची ज्योत; पाच मिनिटं पुरे. खरा वेळ द्या तो रस्त्यापलीकडच्या प्लास दे ला लिबेर्तेला (स्वातंत्र्य चौक). मधोमध रोजिएचा पुतळा आहे, तो बेताचाच. पण इथल्या चार रस्त्यांची नावं वाचा: वृत्तपत्रं, शिक्षण, उपासना, संघटना. 1831 च्या राज्यघटनेनं दिलेली ही स्वातंत्र्यं. पाट्या फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत असतात, तेव्हा नकाशात दोन्ही नावं पाहून ठेवा.

मग खाली प्लास दे मार्तीर (हुतात्मा चौक). स्मारकाभोवती जमिनीखाली ओवऱ्या आहेत, तिथे 1830 च्या लढ्यात पडलेले चारशेहून अधिक जण पुरलेले आहेत. फरसबंदी खडबडीत आहे. चाकांची बॅग ओढत येऊ नका.

शिपाईगिरी तिथे संपते. 1834 मध्ये गृहमंत्री म्हणून रोजिएनं रेल्वेचा कायदा मंजूर करून घेतला. त्याच्या आदल्या वर्षी हंगामी सरकारातला जुना सहकारी जांदेबियेंशी द्वंद्व खेळून तोंडावर गोळीही खाल्ली होती. 5 मे 1835 ला ब्रुसेल्स-मेखेलेन गाडी धावली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली वाफेची प्रवासी रेल्वे. पुढे तो दोनदा सरकारचा प्रमुख झाला, आणि 1860 मध्ये राष्ट्रगीताला नवे शब्दही त्यानंच दिले.

रेल्वेचं वेड असेल तर ट्राम 92 नं श्कारबेक स्टेशन गाठा. तिथल्या 'ट्रेन वर्ल्ड' संग्रहालयाला दोन तास हवेत. सोमवारी मात्र ते बंद असतं.