रेसिपी खाणारी माणसं

मिरजेत औषधांच्या दुकानात दुपारी गर्दी असली की वाचायला आईची चिठ्ठीच हातात असते. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, पण वर तो आर आणि त्याच्या शेपटीवर मारलेली काट, एवढं ओळखू येतं. लॅटिनमधल्या 'रेकिपे'ची ती खूण. म्हणजे 'घे'. वैद्यानं औषध कुटणाऱ्याला हुकूम सोडायचा: घे अमुक मूळ, घे तमुक पाला. तीच आपली रेसिपी. दवाखान्यातून स्वयंपाकघरात ती बरीच उशिरा शिरली. १८व्या शतकातल्या इंग्रज बायका पाककृतीला सर्रास 'रिसीट' म्हणत. हो, पावतीच. दोन्ही शब्द एकाच मुळाचे.

पण हुकूम त्याआधीचा. १३९०च्या सुमारास दुसऱ्या रिचर्ड राजाच्या खानसाम्यांनी ज्या कृती लिहून ठेवल्या, त्यातल्या कितीतरी 'घे'पासूनच सुरू होतात.

आमच्या सांगलीच्या आत्याचंही तेच. "जाडे चुरमुरे घ्यायचे. उन्हात टाकायचे. लसूण घ्यायचा, सालीसकट ठेचायचा." किती? "अंदाजानं घ्यायचा की रं!" तेलात शेंगदाणे, मग लसूण; तो तांबूस झाला की पातेलं खाली उतरवायचं आणि मगच तिखट घालायचं, नाहीतर ते जळतं आणि अख्खी गल्ली खोकते. मग परातीत दोन्ही हातांनी कालवणं. आम्ही पोरं भोवती बसलेलो. गरम भडंग खाल्लं की पोट दुखतं, असं ती सांगायची. डबा भरेपर्यंत परात रिकामी होऊ नये म्हणून ही थाप होती, हे कळायला फार वर्षं लागली नाहीत.

हल्ली मात्र लोक रेसिपीच खातात. "आज मस्त रेसिपी केली." "ही रेसिपी मुलांना फार आवडते." अहो, पदार्थ आवडतो! रेसिपी म्हणजे कृती, ती कशी चावणार? भाचीला हे ऐकवलं, तर ती म्हणाली, "मामा, कळलं ना काय ते? मग झालं."

झालं तर झालं. तिचं भडंग मात्र मऊ पडतं. चुरमुरे उन्हात टाकत नाही ती. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटला ऊन तरी कुठलं?