नाव काय होतं तिचं?

१९८७ साली दहावीत असताना एका ऑफ तासाला इंग्रजीचे सर वर्गावर आले आणि त्यांनी अभ्यासक्रमात नसलेल्या चौदा ओळी फळ्यावर लिहिल्या. एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीच्या 'अमोरेट्टी' या १५९५ च्या सुनीतमालेतलं पंचाहत्तरावं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, सॉनेट. हा काव्यप्रकार मालगुंडच्या केशवसुतांनी मराठीत आणला, एवढंच आम्हांला ठाऊक.

कवी पुळणीवर प्रेयसीचं नाव लिहितो, लाटा ते पुसून टाकतात. पुन्हा लिहितो, पुन्हा जातं. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, त्यामुळे इथवर अर्थ सांगावाच लागला नाही. मागच्या बाकावरच्या एकाने, ज्याच्या घरची होडी होती, थेट आक्षेप घेतला. "सर, ह्याला भरतीची वेळ कळत नव्हती काय? ओहोटी लागल्यावर लिहायचं. पाच-सहा तास तरी टिकलं असतं!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडूने दोन शब्दांखाली रेघा मारल्या. पहिल्या वेळी 'वेव्ह्‌ज', दुसऱ्या वेळी 'टाइड'. म्हणाले, "बरोबर बोललास. आधी लाटा, मग भरती. पाणी चढतंच होतं." कविता अशी वाचायची असते हे मला त्या होडीवाल्यामुळे कळलं.

मग ती बाई कवीलाच झापते. 'व्हेन' (vain) हा एकच शब्द एका ओळीत दोनदा : एकदा पोकळ दिमाखाचा माणूस, एकदा त्याची फुकट खटपट. मीही अशीच पुसली जाणार, म्हणते. मुली खूश. कवी मात्र हटत नाही. माझ्या कवितेत तू राहशील, तुझं नाव आकाशात लिहीन, म्हणतो.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून एका मुलीचा प्रश्न आला, "सर, पण नाव काय होतं तिचं?"

सगळ्यांनी फळ्यावर शोधलं. चौदा ओळींत नाव नव्हतंच. सर क्षणभर थांबून म्हणाले, "मला ठाऊक नाही. शोधा." असं कबूल करणारे शिक्षक आम्ही तोवर पाहिले नव्हते.

आम्ही कुणीच शोधलं नाही. पुढे मुंबईत नोकरीला लागल्यावर फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत अख्खी माला हाती लागली, एकूण ८९ सुनीतं. उत्तर अगदी शेजारी होतं. चौऱ्याहत्तराव्यात कवी नावातल्या अक्षरांचेच आभार मानतो, कारण त्याच्या आयुष्यातल्या तिघींचं नाव एकच : जन्म देणारी आई, मान देणारी राणी आणि ही. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या स्पेन्सरने हिच्याशी १५९४ मध्ये लग्न केलं.

मी सरांना पोस्टकार्ड टाकलं. ते तेव्हा निवृत्त झाले होते. आठवड्याभरात उत्तर आलं, एकाच ओळीचं : "त्या मुलीला कळवलंस का?"

नव्हतं कळवलं. पत्ताही नव्हता. ही स्मरणिका सगळ्या तुकड्यांना जाणार आहे असं समजलं, म्हणून इथे लिहितो : एलिझाबेथ. एलिझाबेथ बॉयल.