आज फवारणी रद्द

सकाळी गच्चीवर गेले तर चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, नुसता चिकटून बसलेला. रात्रीच निंबोळ्या कुटून भिजत घातल्या होत्या, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम. गाळून पंप भरला आणि माव्यात फिरणारी काळी-नारिंगी अळी दिसली. मागच्या वर्षी असलीच एक मी चिरडली होती. ते ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू असतं, माव्यावरच जगतं, हे नंतर कळलं. आज मोजली, सात निघाली! पंप खाली ठेवला.

आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, चुलीतली राख टाक की." पुण्यात तिसऱ्या मजल्यावर चूल कुठून आणू?

संध्याकाळी एक शेंडा बराच मोकळा दिसला. बाकीच्यांवर मुंग्या पहाऱ्याला. गोड चिकट्यासाठी माव्याला जपतात त्या, लबाड.