कवंडळ

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा

आज शाळा अर्धा दिवसच होती तरी दमले, अंगानं कमी आणि डोक्यानं जास्त. लाईट दोनदा जाऊन आली, बाहेर पाऊस चालूच आहे आणि टेबलावर नववीच्या बेचाळीस वह्या. त्यातल्या एका वहीत गेले कितीतरी दिवस जीव अडकलाय, म्हणून आज लिहूनच काढते, नाहीतर आजही झोप यायची नाही.

चवथीची (म्हणजे गणेशचतुर्थीची) सुट्टी संपली की मी नेमानं एक निबंध देते, ‘आमच्या घरची चवथ’. आणि दरवर्षी तेच येतं. पहाटे उठलो, आंघोळ केली, आरत्या म्हटल्या, नेवऱ्या खाल्ल्या, फटाके लावले, फार मजा आली. ‘फार मजा आली’ हे वाक्य इतक्या वह्यांत असतं की मी त्याखाली रेघ ओढणंसुद्धा सोडून दिलंय. तर यंदा त्या गठ्ठ्यात दीड पानाचा एक निबंध निघाला, त्यात आरती नाही, नेवरी नाही. पोरगा लिहितो, आमची चवथ चवथीच्या तीन दिवस आधीच होते. म्हणजे कशी, तर आईबरोबर पहाटे रानात जायचं, माटोळीचं सामान काढायचं, आणि बाजारात रस्त्याकडेला गोणपाट घालून विकायला बसायचं.

(गोव्याबाहेरच्यांसाठी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. तिला असोले नारळ, सुपारीची शिंपटी, आंब्याचे टाळे, तोरिंगं, आंबाडे आणि रानातली कसकसली फळं बांधतात. पूर्वी घरचीच माणसं रानातून आणायची, आता आमच्यासारख्यांना त्यातली निम्मी ओळखताही येत नाहीत, म्हणून बाजार भरतो.)

साधंच लिहिलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका खच्चून. पण बाबांचा ट्रक होता आता नाही, एवढ्या एका वाक्यात त्यानं खाणींचा सगळा विषय संपवला होता. २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, मार्च २०१८ ला परत बंद, या आमच्या भागात ज्यांच्या दारात तेव्हा खनिज वाहायचे ट्रक उभे राहून गंजले त्यांना यापेक्षा जास्त सांगायला लागत नाही. पुढे एक वाक्य होतं, ‘गिऱ्हाईक पैसे कमी कर म्हणतात तेव्हा आई हसते, घरी येऊन हसत नाही.’ पंधरा वर्षं मराठी शिकवतेय मी, हे वाक्य वाचून वही खाली ठेवली आणि उठून पाणी प्यायले.

आणि दुसऱ्या दिवशी तो निबंध मी वर्गात वाचून दाखवला.

नाव सांगून. उभं करून. ‘बघा, असं लिहायचं असतं, गाईडमधून नाही, आयुष्यातून’ वगैरे वगैरे, मला बोलायला लागले की थांबता येत नाही. वर्ग एकदम चिडीचूप, मला वाटलं भारावलेत सगळे. तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता, कंपासपेटीचं झाकण उघडत होता, लावत होता, उघडत होता, लावत होता. मला वाटलं लाजलाय. निबंधात मधेच एक ओळ होती, ‘वर्गातलं कोण दिसलं की मी टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहतो.’ तीसुद्धा मी वाचली. मोठ्यानं, नीट थांबून थांबून, जिथे जोर द्यायचा तिथे जोर देऊन. ज्यांच्यापासून तो टेम्पोमागे लपत होता त्याच एकेचाळीस जणांसमोर मी त्याला हाताला धरून टेम्पोमागून बाहेर काढून उभं केलं की हो, आणि वर टाळ्या वाजवायला लावल्या.

हे तेव्हा कळलं नाही. कळलं आठेक दिवसांनी. पहिल्या बाकावरची एक मुलगी वह्या घेऊन स्टाफरूमच्या दारात आली आणि घुटमळत राहिली. मग म्हणाली, ‘टीचर, ताका आतां सगळे कवंडळ म्हणटात.’ कवंडळ म्हणजे माटोळीतलंच रानफळ, लालबुंद, टेबलटेनिसच्या चेंडूएवढं, दिसायला एवढं सुंदर आणि खायला गेलात तर कडू जहर. हजेरीच्या वेळी त्याचं नाव आलं की मागून कोणतरी हळूच ‘कवंडऽळ’ म्हणायचं, आणि मी ते रोज ऐकत होते, मला वाटायचं पोरांचं काहीतरी चाललंय.

स्टाफरूममध्ये बोलले तर एक जण म्हणाले, अहो तुम्ही कौतुकच केलंत ना, शिव्या तर नाही दिल्या, पोरं काय चिडवतातच, आम्हाला काय कमी चिडवलं? दुसऱ्या म्हणाल्या, कष्टाची कसली लाज, उलट अभिमान वाटायला हवा त्याला. हो ना, वाटायला हवा. पण तो कधी वाटायला हवा हे पंधराव्या वर्षी त्यानं ठरवायचं की सत्तेचाळिसाव्या वर्षी मी? कष्टाची लाज नसावी हे म्हणणारे आम्ही सगळे एसीच्या दुकानातून पोरांचे कपडे घेणारे.

कायद्याचं म्हणाल तर आम्हाला सगळं पाठ आहे. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे, शाळेत मारायचं नाही हे त्यात स्पष्ट आहे. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. ट्रेनिंग झाली, सह्या झाल्या, चहा-समोसा झाला. छडी गेली, चांगलंच झालं, मी स्वतः लहानपणी हातावर पट्टीच्या कडेनं खाल्लेत. पण मी जे केलं ते कुठल्या कलमात बसणार? मी तर शाब्बास म्हटलं होतं.

आणि ही काय पहिली वेळ नाही आमच्याकडे, फक्त आपण त्याला चूक म्हणत नाही. माझ्या शाळेत, म्हणजे मी सहावीत वगैरे असताना, फुकट वह्यांची यादी वर्गात वाचायचे. मास्तर नाव घ्यायचे, ते ते पोर उठून टेबलाकडे जायचं, वह्या घ्यायचं, परत यायचं. माझं नाव एकच वर्ष होतं. टेबलापासून बाकापर्यंत किती पावलं होती ते अजून सांगू शकेन. आता वह्या नाहीत, आता स्कॉलरशिपचे फॉर्म आहेत. शिपाई येतो, दारातूनच ओरडतो, ‘ओबीसी, एसटीवाले मधल्या सुट्टीत ऑफिसात’, आणि आम्ही फळ्यावर लिहिता लिहिता मान हलवतो. सगळ्यांसमोर पोरांची जात जाहीर झाली हे आमच्या डोक्यातही येत नाही. त्यापेक्षा घरी एक चिठ्ठी पाठवायला काय जातं? मी गेल्या सोमवारी शिपायाला सांगितलं की यादी माझ्या हातात दे, मी एकेकाला सांगते. तो म्हणाला, टीचर तुमकां वेळ आसा.

ग्रुपचं तर बोलूच नका. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शाळेच्या सूचनांसाठी काढला होता. त्यात आमच्यातल्याच कोणीतरी युनिट टेस्टच्या मार्कांचा अख्खा कागद फोटो काढून टाकला, रोल नंबर, नाव, मार्क, लाल गोलासकट. मी विचारलं तर म्हणे पालकांना कळायला नको का? कळायला हवं की, पण आपल्या पोराचं. शेजारणीच्या पोराला गणितात चार पडले हे त्यांना कशाला कळायला हवं? त्या संध्याकाळी किती घरांत काय काय झालं असेल. पण मी हे त्यांना किती तोऱ्यात ऐकवलं होतं! तोंडानं चार मार्क सांगितले नाहीत, पण तोंडानंच निबंधातली त्याची आई सांगितली की मी.

इथे एक दुसरी बाजूही आहे आणि ती मला जास्त अवघड वाटते. पोर आपल्याला काही सांगतं ते कायम पोटात ठेवायचं, असंही नाही. मागे एका मुलीचा रात्री सव्वाअकराला मेसेज आला, ‘टीचर, जागीं आसात?’ मी रात्री नऊनंतर मुलांच्या मेसेजला उत्तर देत नाही, हा माझा नियम आहे आणि तो वर्गात सांगून ठेवलाय, कारण एकदा ती सवय लागली की टीचर कुठे संपते आणि मैत्रीण कुठे सुरू होते हे त्यांनाही कळत नाही आणि आपल्यालाही. पण त्या दिवशी नियम मोडला. सकाळी प्रार्थनेच्या आधी ग्रंथालयात भेट म्हटलं, दार उघडं ठेवून बसलो. ती म्हणाली, आधी शपथ घ्या कोणाला सांगणार नाही. ट्रेनिंगमधली एवढी एकच गोष्ट त्या वेळी नीट आठवली, की असं वचन आधी द्यायचं नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, त्यात मुलावर तसला काही प्रसंग आल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं, शिक्षकाला मुभा नाही, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मी म्हटलं, ऐकते मी सगळं, पण सांगावंच लागेल असं काही असेल तर कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन, तुझ्या पाठीमागून काही करणार नाही. ती बराच वेळ गप्प. मग बोलली. काय बोलली ते इथे लिहीत नाही.

बघा, तिला एवढं सांभाळून विचारणारी मीच, आणि निबंधाच्या वेळी काय झालं होतं मला? मला वाटतं निबंध आवडला ना, म्हणून. आवडलेली गोष्ट आपलीच वाटायला लागते. त्यात थोडी माझी हौसही होती, बघा माझ्या वर्गात कसं लिहितात, ही. ही कबुली द्यायला मला जास्त दिवस लागले.

चिडवणाऱ्यांचं काय करायचं यावर दोन रात्री घालवल्या. वर्गाला झापलं असतं तर त्याला दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं झालं असतं. म्हणून मग मागच्या बाकावरचे दोघे जे मुख्य होते त्यांना वेगवेगळं बोलावलं, एकाला पिरियड ऑफ होता तेव्हा, दुसऱ्याला क्रीडा साहित्याच्या खोलीजवळ. एक रडला, दुसऱ्यानं ‘तशें कांय ना टीचर’ म्हणून कानावर हात ठेवले. आवाज कमी झालाय, बंद झालाय असं म्हणणार नाही.

आणि त्याची माफी. शिक्षकानं विद्यार्थ्याची माफी मागायची आमच्याकडे रीतच नाही, मला ते वाक्य बांधताच येईना, एवढी वर्षं व्याकरण शिकवून. शाळा सुटल्यावर गेटकडे गाठलं त्याला. म्हटलं, तुझा निबंध मी तुला न विचारता सगळ्यांसमोर वाचला, ते चुकलं माझं, सॉरी. त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होते, तोही ठेवला नाही. तो चपलेच्या पट्ट्याकडे बघत होता. म्हणाला, ‘बरें.’ मी अजून काही बोलणार तेवढ्यात म्हणाला, ‘टीचर, म्हजी बस चुकतली.’ आणि पळाला. कदंबा बस खरंच लागली होती.

हे लिहू का असंही त्याला विचारलं. आता टीचरनं विचारल्यावर नको म्हणणारं पोर कुठे मिळणार, म्हणून चार दिवस दिले, म्हटलं नको असेल तर काही बोलू नकोस, वहीच्या शेवटच्या पानावर फुली मार, मी कारण विचारणार नाही. फुली नव्हती. स्वतःच आला आणि म्हणाला, ‘नांव घालूं नाकात. फळ बदलात.’ (नाव घालू नका, फळ बदला.) तेव्हा फळ बदललंय, कवंडळ नव्हतं ते, आणि दोनचार गोष्टी अशा फिरवल्यात की शेजारच्या बाकावरच्यालाही कळू नये.

पण खरा फटका त्यानंतर बसला. पुढचा निबंध होता ‘पावसाळा’. त्याची वही उघडली तर अक्षर कधी नव्हे एवढं सुंदर, चूक एकही नाही. ‘आकाशात काळेभोर ढग दाटून आले. धरणीमाता न्हाऊन निघाली. मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचू लागला.’ शब्दन् शब्द गाईडमधला. दहापैकी आठ देण्यासारखा निबंध. दीड पानही नाही, बरोब्बर पाऊण पान. रानातल्या ज्या वाटेनं तो माटोळीचं सामान आणायला जातो तिथला पाऊस या पाऊण पानात एक थेंब नाही. माझ्यासाठी त्यानं दार लावून घेतलं होतं, अगदी सभ्यपणे.

आठ मार्क दिले. न देऊन सांगू कोणाला. पण लाल पेनानं शेरा लिहवेना. बऱ्याच वेळानं पेन्सिल घेतली आणि मोराच्या ओळीशेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘तुमच्या शेतात मोर येतात ना? ते असे नाचतात का रे?’ आणि खाली, ‘उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. कोणाला दाखवणार नाही.’ मंगळवारी वही परत गेली.

आज वह्या परत आल्या. त्याची वरून सातवी होती, मी मुद्दाम सहा आधी तपासल्या. माझ्या पेन्सिलीखाली त्याची पेन्सिल. (कोणाला दाखवणार नाही म्हटलं होतं, म्हणून हे शेवटचं लिहायच्या आधी त्यालाही परत विचारावं लागलं, गेटकडेच, शाळा सुटताना. तो हसला जरासा आणि म्हणाला, हें चलता.)

लिहिलं होतं, ‘नाचत नाहीत. भात खातात.’