खळ्यावरचं चितळ

सुगीचे दिवस होते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातून फॉरेस्ट गार्डचा फोन आला. चितळाची मादी खळ्यावर शिरलीय, लाळ गाळतेय, झोकांड्या खातेय, माणसांना भीत नाही. मी जनावरांची डॉक्टर. मी पोचेपर्यंत ती मेली होती. निम्मं गाव जमलेलं, आणि एका पोराच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘झोंबी हरणां’चा व्हिडिओ चालू.

“अक्का, हेच की ओ हे. माणसाला पण होतंय म्हणे?”

त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. व्हिडिओतल्या हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा आजार 1967 साली कोलोरॅडोत प्रथम नजरेला आला. त्यात प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन मेंदू पोखरतं. ते शिजवून नष्ट होत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. माणसाला हा आजार झाल्याचं एकही उदाहरण आजवर सिद्ध झालेलं नाही. पण वेड्या गाईंचा असाच प्रिऑनचा आजार माणसात आल्याचं ब्रिटनमध्ये 1996 साली उघड झालं, आणि प्रयोगशाळेत स्क्विरल माकडांना हरणांचा हा आजार देता आला. म्हणून बाधित हरणाचं मांस खाऊ नका, असंच तिथल्या शिकाऱ्यांना सांगतात. उत्तर अमेरिका, दक्षिण कोरिया, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथं तो सापडलाय. भारतात नाही. शिवाय त्यात जनावर महिनोन्‌महिने खंगत जातं. ही मादी तर अंगानं भरलेली होती. मागच्या मांडीवर मात्र चावल्याची अर्धवट भरलेली जखम होती.

“तो आजार हितं नाही,” म्हटल्याबरोबर सगळे सुटल्यासारखे मळणीकडे वळले. माझ्या पोटात गोळा आला तो तेव्हा. कारण हरणांना रेबीज होतो, आणि लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

सगळ्यांना परत बोलावलं. तोंडाला कुणी हात लावला? एका पोरानं जबडा उघडून पाणी पाजलं होतं, आणि भात कापताना विळा लागून त्याची बोटं चिरलेली. नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं हात धुवून घेतले, मी शेजारी उभी राहून. चिरलेल्या कातडीला लाळ लागली म्हणजे लसीबरोबर सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, हवं.

“कुत्रं कुठं चावलंय त्याला? सुगी उरकू दे, मग जाऊया की,” बाप म्हणाला.

“भात थांबतंय, दादा. हे थांबत नाही.”

गार्डच्या जीपमधूनच त्या दोघांना सरकारी दवाखान्यात धाडलं. मांसाचे वाटे घालायचं कुणीतरी बोलत होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहेच, पण डोकं फोडणाऱ्याचा हात थेट मेंदूला लागला असता. फॉरेस्टच्या साहेबांसमोर शवविच्छेदन केलं, धड जाळलं, मेंदूचा नमुना बर्फात घालून बेंगळुरूला हेब्बाळच्या प्रयोगशाळेत पाठवला.

रिपोर्ट आला: रेबीज. पोराची लस वेळेवर चालू होती. त्याच संध्याकाळी बापाचा फोन.

“अक्का, ज्या बादलीतनं हरणाला पाजलं, त्यातच मागनं आमची गाय पण प्यालीय. तिचं काय करू?”

“पाण्यातून सहसा होत नाही. तरी तिला वेगळी बांधा, तोंडात हात घालू नका. उद्या लस घेऊन येते.”