बेटावरची बावीस पोरं

कॅमेरा लावलाय तो चक्क संडासात. लाकडी फळ्यांची खोपटी, आत एकेक पोरगं येऊन बसतं आणि मनातलं काळंबेरं कॅमेऱ्याला सांगून मोकळं होतं. 'टोटल ड्रामा आयलंड' या कॅनेडियन कार्टूनची सगळी वृत्ती मला या एका जागेत दिसते. खऱ्या रिअॅलिटी शोमधले स्पर्धक नेटक्या सजवलेल्या कोपऱ्यात, मंद प्रकाशात डोळे टिपत मन मोकळं करतात. कार्टूनवाल्यांनी फक्त जागा बदलली. संवाद त्यांना फारसे बदलावेच लागले नसणार.

8 जुलै 2007 रोजी कॅनडाच्या टेलेटून वाहिनीवर हे सुरू झालं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर आलं. टॉम मॅकगिलिस आणि जेनिफर पर्टश ही त्यामागची डोकी. टोरोंटोच्या फ्रेश टीव्हीने ते बनवलं. डोळ्यांसमोर अर्थातच 'सर्व्हायव्हर' होता: 1997 साली स्वीडनमध्ये जन्मलेला आणि 2000 मध्ये अमेरिकेच्या सीबीएसवर येऊन धुमाकूळ घातलेला खेळ. माणसं बेटावर सोडायची, झुंजवायची आणि दर खेपेला मतं टाकून एकाला घालवायचं. तिथे बाद झालेल्याची मशाल मोठ्या गांभीर्याने विझवतात. इथे शेकोटीभोवती बसलेल्या पोरांना मार्शमेलो वाटतात. ज्याला मिळत नाही त्याने मान खाली घालून धक्क्यावरून चालत जायचं आणि 'पराभूतांच्या होडी'त बसायचं. मशालीपेक्षा मार्शमेलोच मला जास्त खरा वाटतो. खाऊ वाटताना आपल्याला वगळलं, हा अपमान कुणालाही पटकन कळतो.

ऑन्टारियोतल्या मस्कोका भागातलं वावानाक्वा नावाचं मोडकळलेलं शिबिर, 22 किशोरवयीन स्पर्धक, एक लाख कॅनेडियन डॉलरचं बक्षीस. सूत्रसंचालक क्रिस मॅकलीन, कायम हसरा आणि स्वतःच्या केसांच्या प्रेमात. स्वयंपाक्याच्या हातचं अन्न म्हणजे वेगळीच शिक्षा. पहिलंच आव्हान हजार फुटी कड्यावरून तळ्यात उडी मारायचं, आणि तळ्यात शार्क. गोड्या पाण्याच्या तळ्यात शार्क कुठून आले, असं विचारायचं नाही. क्रिसने आणले असतील.

या क्रिसमध्येच पहिल्या सीझनची गंमत होती. पोरांच्या जिवाशी खेळ चालायचा, पण चेष्टा व्हायची ती खेळ मांडणाऱ्याची. स्पर्धक मात्र माणसं म्हणून लिहिलेले होते. प्रत्येकाच्या कपाळावर सुरुवातीला एक चिठ्ठी होती खरी. कुणी खादाड, कुणी गुंड, कुणी पढतमूर्ख, कुणी काळे कपडे घालून जगावर रुसलेली. रिअॅलिटी शोही आपल्या माणसांना अशाच चिठ्ठ्या चिकटवतात. मग हळूहळू चिठ्ठी सुटायची. हेदर ही खलनायिका. कलागुणांच्या स्पर्धेत तिने आपली कला म्हणून काय सादर केलं, तर ग्वेनची खासगी डायरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. ग्वेनने तिच्या अंथरुणात लाल मुंग्या सोडल्या. प्रसंग विनोदी, पण डायरी वाचली जात असताना ग्वेनचा चेहरा ज्याने पाहिला त्याला त्या मुंग्या न्यायाच्याच वाटल्या असणार.

किंवा हॅरल्डचं प्रकरण घ्या. डंकन त्याला छळतो, म्हणून हॅरल्ड मतपेटीतच गडबड करतो आणि डंकनची मैत्रीण कोर्टनी विनाकारण बाहेर जाते. पुढच्या सीझनमध्ये ती वकील लावून, खटला भरून मधूनच स्पर्धेत घुसते. वाहिन्यांचा कारभार आणि करारांची भाषा यांच्यावर मोठ्यांच्या कार्यक्रमांनीही इतकी नेमकी टपली क्वचितच मारली असेल.

एक विचित्र गोष्ट सांगायलाच हवी. या स्पर्धेचे दोन शेवट बनवले होते. कॅनडात गुबगुबीत, आनंदी ओवेन जिंकला. काही देशांत ग्वेन जिंकली. रिअॅलिटी शोची सगळी भिस्त 'खरंच काय झालं' यावर असते, आणि इथे निर्माते बिनदिक्कत सांगतात की तुमच्या देशात हे खरं, त्यांच्या देशात ते खरं. पुढच्या सीझनांतही हा प्रकार चालू राहिला. माझं मत विचाराल तर ग्वेन. पण ओवेनच्या चाहत्यांशी वाद घालू नये. ती प्रेमळ माणसं असतात.

2009 मध्ये सगळी मंडळी ओसाड चित्रपट-स्टुडिओत गेली, 2010 मध्ये मोडक्या विमानातून जगाच्या सफरीला. त्या सफरीत स्पर्धकांना मध्येच गाणं म्हणायची सक्ती होती, नाही म्हटलं तर घरी. कल्पना वेडगळ, पण झकास रंगली. इथवर चढती कमान होती असं मला वाटतं.

उतरती कळा 2012 पासून लागली. त्या सीझनमध्ये पुन्हा बेट, आता किरणोत्सारी कचऱ्याने भरलेलं, आणि 13 नवे चेहरे. भागही 13. पहिल्या सीझनला 22 जणांसाठी 26 भाग होते. एखादं पोरगं बाद व्हायच्या आधी चार-सहा वेळा निरर्थक बोलून जायचं आणि त्या निरर्थक बोलण्यातूनच ते आपलं व्हायचं. आता ओळख झाली न झाली तोच होडी दारात. ही नुसती कंजुषी म्हणून सोडून देता येत नाही. 'सर्व्हायव्हर'ला रक्तामांसाची माणसं आयती मिळतात. ती पडद्यावर येतात तीच स्वतःचं आयुष्य, बोलण्याची लकब, जुनी दुखणी घेऊन, आणि त्या बळावर 2020 मध्ये त्याचा 40वा सीझनही झाला. कार्टूनमधल्या माणसाकडे लेखकाने दिलं तेवढंच असतं. त्याला वेळ दिला नाही तर कपाळावरची चिठ्ठी तेवढी शिल्लक राहते.

2013 च्या 'ऑल-स्टार्स'मध्ये तर जुन्या लाडक्यांनाही पुन्हा चिठ्ठ्याच चिकटवल्या. कुणी कुणाचं चुंबन घेतलं, मग कोण रुसलं, कोणाचं कोणाशी फाटलं. ज्या मसाल्याची टिंगल करत हे कार्टून मोठं झालं तोच मसाला आता मुख्य पदार्थ झाला. क्रिस वर्षभर तुरुंगात राहून परतला होता, शेवटी ते बेटही बुडालं. सगळं मोठमोठं आणि आवाजी. पण पूर्वी पोरांकडे वस्तूसारखं पाहणारा एकटा क्रिस असायचा. आता कार्यक्रमाचीच नजर तशी झाली. विडंबनाचा कणा इथेच मोडतो. 2014 मध्ये एक सीझन नव्या पोरांचा आला, बेटही नवं, तेही कृत्रिम. त्याविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

मधेच 2015 मध्ये 'द रिडॉन्क्युलस रेस' नावाचं भावंड येऊन गेलं. जोड्याजोड्यांनी जगभर शर्यत लावणाऱ्या 'अमेझिंग रेस' या रिअॅलिटी शोचं विडंबन, 18 जोड्या, सूत्रसंचालक दुसरा. त्याला मात्र पुन्हा 26 भाग मिळाले होते, आणि फरक लगेच जाणवतो. जोड्या भांडतात, दमतात, एकमेकांना सावरतात. दुर्दैवाने मूळ बेटाच्या प्रेमात असलेल्या अनेकांनी त्याला सावत्र वागणूक दिली.

मग 2018 मध्ये निर्मात्यांनी जुन्याच पात्रांना पाळणाघरातली बाळं करून टाकलं. चिमुकला ओवेन, चिमुकली ग्वेन. चाहते चिडले. मला राग आला नाही, किंचित कीव आली. खरा स्पर्धक शो संपला की घरी जातो, लग्न करतो, जाड होतो, विसरला जातो. चित्रातल्या पोरांना ही सुटका नाही. ती सोळाचीच राहतात, आणि पुढे काय करावं हे सुचेना की त्यांना दुपटी गुंडाळतात.

2023 मध्ये बेट पुन्हा उघडलं. 16 नवी पोरं, क्रिस तोच, आवाज मात्र टेरी मॅकगरिनचा. यात प्रिया नावाची मुलगी आहे. तिच्या आईवडिलांनी तिला लहानपणापासून याच स्पर्धेसाठी तयार केलंय, आणि ती ते कर्तव्य असल्यासारखं खेळते. चिमटा कुणाला काढलाय हे सांगायला नको. पहिला सीझन पाहिलेली पोरं आता आईबाप व्हायच्या वयात आली आहेत. भाग पुन्हा 13च. पण या नव्या पर्वाच्या दुसऱ्या सीझनला नवी भरती न करता त्याच सोळा जणांना परत बोलावलं. म्हणजे दोन्ही मिळून पुन्हा 26! पहिल्या फेरीत चिठ्ठीपुरती उरलेली काही पोरं दुसऱ्या फेरीत बोलायला लागतात, आणि ज्युलिया व एमके या दोघींची युती अशी काही जमते की हेदरनेही त्यांची शिकवणी लावावी.