मॅटवर सगळं बरोबर होतं

गोल्फ खेळताना साहेबांनी फेअरवे वूड टॉप केलं, म्हणजे लांब फटका फसून बॉल सरपटत गेला, की त्यांची बॅग उचलणारा कॅडी मान वळवून झाडांकडे बघत उभा राहायचा. हे मला कळायला आठ महिने लागले. ते आठ महिने मी साहेबांना फक्त रेंजच्या, म्हणजे सरावाच्या मैदानाच्या, मॅटवर बघत होतो आणि मॅटवर ते चांगलं मारत होते.

मी पुण्यातल्या एका गोल्फ क्लबच्या रेंजवर शिकवतो. त्याआधी बारा वर्षं तिथेच बॅगा उचलल्या. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, वय ६८, सगळी नोकरी धरणांवर. एकसष्टी झाल्यावर गोल्फ सुरू केला. शर्टाच्या खिशात छोटी वही असते. तारीख, क्लब म्हणजे मारायची काठी कोणती, किती मारले, किती लागले, सगळं त्यात. मला ‘मास्तर’ म्हणतात. फेब्रुवारीत एकदा वही उघडून म्हणाले, “मास्तर, गेल्या महिन्यात तीन नंबरच्या वूडने मॅटवर ६० मारले, ४१ चांगले लागले. कोर्सवर २२ मारले, ३ लागले. याचा अर्थ काय?”

मी म्हणालो, “कोर्सवर टेन्शन येतं, साहेब.”

आम्हा कोच लोकांना काही सुचलं नाही की आम्ही हेच सांगतो. दिसत नाही ते सगळं टेन्शनच्या खात्यात टाकायचं. साहेबांनी मान हलवली आणि वहीत ‘टेन्शन’ असं लिहूनही घेतलं. तो शब्द आता आठवला की कानकोंडं व्हायला होतं.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. वूड हे नाव उरलंय लाकडाचं, पण डोकं कधीचं स्टीलचं झालं. होलचा पहिला फटका टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, बॉल ठेवून ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबने मारतात. लांब होलवर दुसरा फटका फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या पट्ट्याच्या, गवतावरून, टी न लावता, तेव्हा हे फेअरवे वूड बाहेर निघतं. तीन नंबरची दांडी साधारण ४३ इंच, म्हणजे बॅगेत ड्रायव्हरखालोखाल लांब. तोंडाचा उतार, ज्याला आम्ही लॉफ्ट म्हणतो, तो फक्त १५ अंश. वाळूतून बॉल काढायच्या सँड वेजचा ५६ च्या आसपास असतो. म्हणजे बॉल जमिनीला चिकटलेला, हातात लांबलचक दांडी आणि क्लबचं तोंड जवळजवळ सरळ उभं. बघणाऱ्याला वाटतं, हा बॉल वर जाणार कसा? मग तो स्वतः त्याला वर उचलायला जातो. अंग मागे, उजव्या पायावर झुकतं. क्लब बॉलच्या चार बोटं मागेच तळ गाठतो आणि वर येता येता बॉलच्या माथ्याला चाटून जातो. बॉल ससा पळावा तसा गवतातून तीस यार्ड सरपटत जातो. हाच टॉप. क्लब खालच्या बाजूला जात असताना किंवा अगदी तळाशी असताना बॉल लागला, तर ते १५ अंश आपलं काम आपोआप करतात.

टॉप झाला की चौघांपैकी तिघं ओरडतात, “डोकं वर आलं!” या एका वाक्याने जितक्या लोकांचा गोल्फ बिघडलाय तितका कुठल्याच वाईट कोचने बिघडवला नसेल. डोकं खाली गाडून ठेवलेला माणूस पुढे जाऊच शकत नाही, उजव्या पायावरच अडकतो आणि आणखी टॉप करतो. पण सल्ला फुकट, त्यामुळे सगळे देतात.

आता मॅटचं. रबरावर चिकटवलेलं हिरवं नायलॉन. क्लब बॉलच्या मागे दोन इंच पडला तरी मॅट त्याला पुढे घसरवते आणि बॉल बऱ्यापैकी लागतो. आवाजही छान येतो. तोच फटका कोर्सवर, पावसाळ्यात भिजलेल्या हरळीवर मारला तर क्लब मातीत रुततो, अंगावर चिखल आणि बॉल वीस यार्डांवर. मे महिन्यात जमीन टणक असते, तेव्हा क्लब टप्पा खाऊन बॉलच्या पोटात किंवा माथ्यावर बसतो. चूक एकच, रूपं तीन, आणि मॅटवरचं रूप गोंडस. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या गोल्फ क्लबचा नियम असा की कोचने धडा रेंजवरच द्यायचा, कोर्सवर पाऊल टाकायचं नाही, मेंबरांच्या खेळात अडथळा होतो. अर्ज दिले. एकदा कमिटीतल्या एकाने सांगितलं, “अहो, पोहायला शिकवणारा काय समुद्रात घेऊन जातो का?” त्याला स्वतःलाही वूड मारता येत नाही, हे जाता जाता सांगतो.

तर जुलैतला एक सोमवार. सोमवारी कोर्स मेंबरांना बंद, देखभालीचा दिवस. मैदानावर देखरेख करणाऱ्याशी माझी जुनी ओळख. आदल्या रात्री पाऊस झालेला, मशिनं उशिरा निघणार होती. तो म्हणाला, एक तास घे, ग्रीनवर, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, चढू नका. मी साहेबांना फोन केला, येताना घरातून रांगोळीची पुडी आणा म्हणालो. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पुडी तर आणलीच, वर खात्यातली जुनी स्टीलची मेजरटेपही. बॅग घेऊन त्यांचा नेहमीचा कॅडी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी पोरगा असताना बॅग कशी धरायची, उन्हात बॉल कसा डोळ्यांत पकडायचा, हे त्यांनीच मला शिकवलं.

सहाव्या होलच्या फेअरवेवर मी रांगोळीची लांब रेघ ओढली, साहेबांच्या दोन पायांच्या मधून सरळ बाहेर जाणारी. बॉल ठेवलाच नाही. म्हणालो, रेघ म्हणजे बॉल, नुसता स्विंग करा. गवत रेघेच्या पुढे घासलं गेलं पाहिजे. दहा स्विंग केले. प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे, रेघेचा नवा तुकडा. मग साहेब स्वतः वाकून टेप लावायला लागले, तर अण्णांनी पटकन टेप हातातून घेतली आणि तेच बसले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. दहापैकी नऊ खुणा रेघेच्या मागे. सगळ्यात लांबची साडेचार इंच. साहेबांनी आकडे लिहून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे मॅट खोटे रिपोर्ट देत होती.”

मी नेहमीचं सुरू केलं. डावीकडे या साहेब, वजन डाव्या पायावर, शेवटी उजवी टाच उचलली पाहिजे. पुन्हा दहा. खुणा तिथेच. पुन्हा सांगितलं, जरा आवाज चढवून. पुन्हा तिथेच. माझी चिडचिड व्हायला लागली. हेच वाक्य मी आठ महिने म्हणत होतो आणि हा इतका हुशार, इतका नेटका माणूस तेवढं एक करत नव्हता.

तिथे पाणी साचायला लागलं म्हणून खाली नाल्याच्या अलीकडे सपाट तुकडा आहे तिकडे जायचं ठरवलं. सहाव्याचा तो उतार बरा तीव्र आहे. उताराच्या तोंडाशी अण्णा काही न बोलता बॅग उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेऊन साहेबांच्या डाव्या हाताला गेले. साहेबांनी न बघता त्यांच्या मोकळ्या खांद्यावर हात ठेवला. दोघं तसे उतरले, डावा पाय आधी, आडवा. खाली पोचल्यावर हात निघाला, अण्णा दोन पावलं मागे. इतकं सफाईने झालं की रोजचंच आहे हे कुणालाही कळलं असतं. मी वर रांगोळीची पुडी हातात धरून उभा.

खाली जाऊन विचारलं, “साहेब, डाव्या गुडघ्याला काय झालंय?”

त्यांनी आधी अण्णांकडे पाहिलं. अण्णा झाडांकडे बघत होते.

“झीज,” साहेब म्हणाले. “दोन वर्षं झाली. बदलून घ्या म्हणतात. घरी बोललो तर पहिली गोष्ट हे बंद होणार.” त्यांनी वूडने जमिनीवर टिचकी मारल्यासारखं केलं. “चालताना चालतं. वळताना सगळा भार आला की सुरी फिरते.”

म्हणजे आठ महिने मी ज्या पायावर या, या म्हणून ओरडत होतो, तो पायच त्यांना नको होता. शरीर बिचारं शहाणं, मागेच राहत होतं. सपाट मॅटवर ना उतार, ना चढ, चार पावलांपलीकडे चालणं नाही. मला दिसणार कुठून? असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण कॅडी असताना मी माणसाची चाल पहिल्या होलवर ओळखायचो. कोणाची कंबर, कोणाचा खांदा, कोण रात्री जास्त घेऊन आलाय. कोचचं सर्टिफिकेट घेतल्यापासून मी मोबाइलवर स्विंगचा व्हिडिओ स्लो करून त्यावर रेघा मारतो. व्हिडिओ बॉल मारायच्या दोन सेकंद आधी सुरू होतो.

उरलेल्या पस्तीस मिनिटांत जे केलं ते सांगतो, कारण तेवढ्याबद्दल मला बरं वाटतं. वजन डावीकडे न्यायचं नाही, सुरुवातीपासून तिथेच ठेवायचं, निम्म्याहून थोडं जास्त. मग फटक्याच्या वेळी नवा भार येत नाही. डावं पाऊल बाहेर उघडलं, घड्याळात साडेदहा वाजल्यासारखं, म्हणजे वळताना पीळ गुडघ्यात न राहता कंबरेत जातो. पाय जवळ घेतले. बॉल डाव्या टाचेसमोरून एका बॉलइतका मागे आणला. टाचेसमोर बॉल आणि ‘बॉलच्या मागे राहा’ हे ड्रायव्हरसाठी मीच त्यांना शिकवलं होतं. ते त्यांनी इमानदारीने वूडलाही लावलं होतं, वहीत लिहून. बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेणं, कमरेपर्यंतच. रांगोळीची नवी रेघ.

तिसऱ्या स्विंगला गवत रेघेच्या पुढे घासलं. अण्णांनी सांगायच्या आधी टेप लावली. “पाऊण इंच पुढे.” साहेब काही बोलले नाहीत, पण वही काढायला विसरले.

राहता राहिला क्लब. त्यांचं तीन नंबर मुलाने अमेरिकेतून आणलेलं. महागडं, १५ अंश, वर शाफ्ट, म्हणजे दांडी, कडक, जोरात मारणाऱ्या तरुणाचा. साहेबांच्या वेगाला त्याने बॉल उंच जाणं अवघडच. मी बॅगेतून सात नंबरचं वूड काढलं, २१ अंश, मऊ शाफ्ट, आदल्या दिवशी एका ज्येष्ठ मॅडमकडून मागून आणलेलं. आमच्याकडे पुरुष मेंबर सात नंबरला बायकांचा क्लब म्हणतात आणि मॅडम लोक त्याच क्लबने त्यांना हरवतात. साहेबांनीही नाक मुरडलं.

“जीन साराझेनने १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत पंधराव्या होलवर २३५ यार्डांवरून चार नंबरच्या वूडने थेट होलमध्ये घातला होता. तेव्हा तर खरं लाकूड होतं.”

“साहेब, २०२० चं मास्टर्स जिंकला तेव्हा डस्टिन जॉन्सनच्या बॅगेत सात नंबर होतं. आणि आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्या फटक्याला सोबतच्या मुलींपेक्षा केवढी मागे असायची. लांब क्लबने ग्रीनवर येत चौथी आली, पदकापासून एक फटका.”

त्यांनी क्लब घेतला. पहिला मातीत. दुसरा बॉलच्या पोटावर लागला, पण उडाला. तिसरा वर गेला, ढगाळ आभाळात पांढरा ठिपका, आणि नाल्यापलीकडे पडला. लांब म्हणावा असा नव्हता. पण पडून जागेवर थांबला. अण्णा प्रथमच त्या बाजूला बघत होते. “गेला साहेब,” एवढंच म्हणाले.

नंतर कॅडी शेडमध्ये चहा घेताना मी अण्णांना धरलं. दोन वर्षं माहीत होतं, मला एका शब्दाने सांगायचं नाही का?

“तू कधी विचारलंस?” अण्णा म्हणाले. “आणि साहेबांनी सांगितलं होतं, कुणाला बोलायचं नाही. बॅग त्यांची आहे, तुझी नाही.”

यावर मला बोलता आलं नाही. मीही तेच केलं असतं, केलेलं आहे. कॅडी न विचारता बोलला की आगाऊ ठरतो आणि पुढच्या रविवारी बॅग दुसऱ्याकडे जाते. गोल्फर अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला, तो कॅड्यांतूनच आलेला. आमच्या शेडमध्ये हे सगळ्यांना पाठ आहे. तरी मेंबरच्या स्विंगबद्दल कॅडीला काही कळत असेल, असं शेडबाहेर कुणी धरून चालत नाही. मीही नाही. मी तर अण्णांच्या हाताखाली शिकलेला, आणि आठ महिने रेंजवर त्यांनी बॅग ठेवली की मी “बसा अण्णा” म्हणून पाठ फिरवत होतो.

साहेबांनी ऑगस्टमध्ये स्वतःचं सात नंबर घेतलं. वहीत परवाचा हिशोब: कोर्सवर १८, लागले ११. घरी अजून बोललेले नाहीत. मी एकदा सुचवून पाहिलं, डॉक्टरकडे तरी पुन्हा जा म्हणालो. त्यांनी विषय बदलला, मला पुढे रेटता आलं नाही. कॅडी असतो तर गप्प बसणं बरोबर होतं. कोच म्हणून बरोबर आहे का, मला ठरवता येत नाही.

तीन नंबर बॅगेतच आहे, कव्हर घालून. चौदा क्लबांची मर्यादा, त्यात ते चौदावं. गेल्या आठवड्यात धडा संपल्यावर साहेबांनी ते बाहेर काढलं, कव्हरवरची धूळ झटकली.

“मास्तर, डिसेंबरमध्ये मुलगा येतोय. तो विचारणार, कसं चाललंय. एकच फटका. बसवून द्याल का?”

टी बुटकी लावून, अर्धा स्विंग, एवढं मी ठरवलं. अण्णांना विचारलं, पहिल्या होलची टीची जागा कशी आहे म्हणून. सपाट आहे म्हणाले, पण तिथपर्यंत जायला चार पायऱ्या आहेत.